डावा मुंढा

४ जून

ताई,

आधी हे नीट वाच. नाहीतर नेहमीसारखी चिठ्ठी चष्म्याखाली ठेवशील आणि कोट शिवून मोकळी होशील. मला दोन कोट हवेत. दवाखान्याने यंदा आमचा रंग बदलला, पांढऱ्याऐवजी फिकट निळा. कापडाचा तुकडा सोबत जोडला आहे, अगदी असाच हवा. माप तुझ्याकडे आहेच. फक्त डावा मुंढा अर्धा इंच सैल कर, काखेत काचतो.

बाकी मी आहे तिथेच आहे, नोंदणीच्या खिडकीत. नाव, वय, पत्ता, काय होतंय, किती दिवसांपासून. सोळा वर्षं हेच पाच प्रश्न विचारून केसपेपर फाडते आहे. चार प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात, पाचव्याचं मात्र ठरलेलं. आठ दिवस. पाय काळा पडलेला असतो, दोघांनी धरून आणलेलं असतं, आणि म्हणे आठ दिवस. सगळ्या जगाचं गेल्या सोमवारपासूनच दुखायला लागलं असावं. काल एका गवंड्याला म्हटलं, काका, खरं सांगा, मी काही पोलीस नाही. तर म्हणाला, बाई, खरं सांगितलं की डॉक्टर ओरडतात. म्हणजे बघ, हे लोक मरणाला भीत नाहीत, बोलणी खायला भितात. मी आठ दिवस लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

पोरीचं दहावीचं वर्ष सुरू झालं. त्यामुळे घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, मोठ्याने बोलणंही जवळजवळ बंद. हे गाडी घेऊन आठवडा आठवडा बाहेर असतात, ते सुटले.

बाबा अजून आईचं विचारतात का? फोनवर विचारता येत नाही, ते तुझ्या शेजारीच बसलेले असतात. म्हणून तर लिहिते.

तुझी,
बटण

१९ जून

बटणास,

दोन कोट पाठवते आहे. रंग जुळेल, त्यासाठी तीन दुकानं पालथी घातली. मुंढा सैल केला. एकाच हाताला बाळसं आलंय का गं? दुसऱ्यालाही जरा खाऊ घाल. शिवणीच्या आत माया भरपूर सोडली आहे, लागलं तर उसवून तूच वाढवून घे.

शाळा उघडल्यामुळे इकडे गणवेशांचा ढीग पडला आहे. काजं करायला आता समोरच्या बाईंकडे देते. कापते मीच, पण कात्री टेबलावर टेकवून, हळूहळू. वय झालं, दुसरं काय. अक्षराला हसू नकोस, कापडावर खडूने आकडे मांडून मांडून कागदावर लिहायची सवय गेली.

बाबा विचारतात. रोज संध्याकाळी पाचला, दुकानाच्या पायरीवरच्या खुर्चीत बसून. आई आली का दवाखान्यातून? मी म्हणते, येईल. मग ते स्वतःशीच म्हणतात, चांगली चालतीबोलती गेली होती. तेवढं त्यांच्या पक्कं लक्षात आहे.

तब्येतीला जप. खिडकीत बसून बसून मान धरत असेल, उशी घे पाठीला.

ताई

२ ऑगस्ट

ताई,

कोट बघून सगळ्या जळल्या. दोघींनी तुझा पत्ता मागितला, मी दिला नाही, आधीच तुला कामं कमी आहेत का?

फक्त डावीकडे अजून काचतंच. तू सोडलेली माया उसवून बघितली, पुरत नाही. पुढचा कोट करशील तेव्हा तिथे आणखी पाव इंच दे. आणि त्या एका ठिकाणी शिवण बाहेरून घे, आतली टोचते. कापडच मेलं जाड आहे.

घाई नाही. सवडीने कर.

बटण

७ ऑगस्ट

बटण,

तुझं पत्र दुपारी आलं. वाचलं, आणि मापाची वही काढली. हल्लीची नाही, फळीवरची जुनी, आईच्या वेळची. आईचं पान अजून त्यात आहे. माझ्याच अक्षरात लिहिलंय: डावा मुंढा अर्धा इंच जास्त. खाली तीन महिन्यांनी: आणखी पाव इंच. त्याच्या खाली: शिवण बाहेरून.

तिचेही हेच शब्द होते. आतली टोचते, बाहेरून घे.

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, मी बावीसची. दुकानातल्या पडद्यामागे, जिथे बायका कपडे घालून बघतात, तिथे आईने मला ती गाठ दाखवली. एवढीशी होती, मोठ्या बटणाएवढी. दुखत नाही म्हणाली. कुणाला सांगितलंस तर तुझ्या धाकटीची शपथ, म्हणाली. म्हणजे तुझी. मी सांगितलं नाही. मी मुंढा वाढवला. मग परत वाढवला. एक बाजू जास्त दिसायला लागली तेव्हा दुसऱ्या बाजूला आतून कापसाची पट्टी लावली. इतकं सफाईने केलं की समोरासमोर बसून जेवणाऱ्या माणसाला कळू नये. चौदा महिने ही कारागिरी चालली होती माझी.

ती चालतीबोलती गेली नव्हती, बटण. ती या टेबलाशी पडली, तिला पोत्यासारखं उचलून नेलं. डॉक्टरांनी उघडून बघितलं आणि तसंच शिवून टाकलं, कारण काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. घरी लोक जमले, काय झालं, काय झालं विचारायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चांगली चालतीबोलती गेली होती, डॉक्टरांनी कापलं आणि संपवलं. पहिल्यांदा बोलले तेव्हा जीभ अडखळली. दहाव्यांदा नाही अडखळली. बाबांनी ते धरलं, तू धरलंस. तू तर लहानपणी साधी सुई टोचून घ्यायलाही दवाखान्याची पायरी चढायची नाहीस. पुढे तिथेच नोकरीला लागलीस तेव्हा मला वाटलं, सुटले मी, हिच्या मनातलं गेलं. पण तू खिडकीच्या या बाजूला बसलीस. खिडकीपलीकडे कधी गेली आहेस का स्वतःसाठी?

तुला बटण नाव का पडलं ते आठवतंय ना? तीन वर्षांची असताना याच दुकानात कोटाचं बटण गिळलंस. आई तुला उचलून दवाखान्यात धावली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, भर रस्त्यातून. डॉक्टर हसले, म्हणाले, आपोआप पडेल. तुझ्या एका बटणासाठी धावली ती बाई, आणि स्वतःसाठी चौदा महिने मला म्हणत राहिली, शिवण बाहेरून घे.

कुणी दुखतंय म्हटलं की माझा हात टेपकडे जातो. दवाखाना तेव्हा सुचला नव्हता असं नाही. सुचला होता आणि मी कात्री घेतली. जूनमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा पुन्हा तेच केलं. वर थट्टा केली, दुसऱ्या हाताला खाऊ घाल म्हटलं. ते वाक्य मी आता कुठे ठेवू?

उद्या जा. हे पत्र मिळेल त्या दिवशीच जा. तुला लांब जायचं नाही, खुर्चीवरून उठून दार उघडायचं आहे फक्त.

ताई

२० ऑगस्ट

ताई,

सत्तावीस वर्षं. सत्तावीस वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस आणि आता टपालाने पाठवतेस. मी चार दिवस तुझं पत्र पर्समध्ये घेऊन हिंडले. पोरीने विचारलं, मावशीचं काय पत्र आलं? म्हटलं, कोटाचं.

तुला वाटतं, दार उघडलं की झालं. त्या दारामागे काय आहे ते मी रोज बघते. मी केसपेपर फाडते आणि महिन्याभराने तोच कागद माझ्याकडे परत येतो, माणूस गेला म्हणून वर तिरकी लाल रेघ मारून. ती रेघ मारलेली फाईल कुठल्या कपाटात जाते तेही मला ठाऊक आहे, कारण ती मीच ठेवते. माझा कागद कोण फाडणार? माझ्या शेजारच्या खिडकीतली. दुपारच्या चहाला सगळ्या दवाखान्याला कळेल. मी ज्यांना सोळा वर्षं सुनावलं ना, इतके दिवस काय करत होतात म्हणून, ते सगळे माझ्यासमोर रांगेत उभे राहतील असं वाटतं मला.

आणि पोरीची परीक्षा मार्चमध्ये आहे. आता काही निघालं तर तिचं वर्ष गेलं. मार्चनंतर जाईन. हे तुला शपथेवर सांगते, आणि यावेळी शपथ माझी मीच घेते, कुणाच्या डोक्यावर हात ठेवत नाही.

अकरा महिने झाले. घे, विचारलं नव्हतंस तरी सांगितलं.

तुला एवढा कळवळा असेल तर ये आणि हाताला धरून ने मला. येशील? नाही येणार. दुकान, बाबा, गणवेश. तुझीही कारणं माझ्याइतकीच मजबूत शिवलेली असतात.

कोट मात्र पाठव. जुने दोन्ही आता होत नाहीत.

२४ ऑगस्ट

बटण,

कोट पाठवते आहे. माप जुनं आहे, जूनच्या आधीचं. दोन्ही मुंढे सारखे. आत माया ठेवलेली नाही, कापून टाकली, म्हणजे तुला उसवूनही वाढवता येणार नाही. शिवण आतून आहे आणि दुहेरी आहे.

मुद्दाम केलंय. हात वर केलास की दुखेल. दुखू दे. माझ्या घरातल्या बायकांना मी एकदा आराम दिला, त्याचं काय झालं ते तुला लिहिलंच आहे. आता माझ्याकडून आराम मिळणार नाही. बाजारातून आणलास कोट तर आण, माझा इलाज नाही, पण मी शिवणार नाही.

मार्च म्हणतेस. मार्चला अजून सात महिने आहेत. पोरीचं एक वर्ष वाचवायला तिच्या आईला पणाला लावायचं, हा कुठला हिशोब? मी बावीसची होते तरी आईवाचून मला कळेना, डाळीत पाणी किती घालायचं. तुझी पोर पंधराची आहे.

मी येत नाही, त्यावर तू काय म्हणायचं ते म्हण. मला येता येत नाही. शिव्या घाल, बोलू नकोस, जन्मभर तोंड बघू नकोस माझं. पण जा. मी पाया पडते तुझ्या. मोठी असून पडते.

ताई

१५ सप्टेंबर

बटण,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. फोन केला की पोर उचलते आणि म्हणते, आई झोपलीय. दुपारी बारा वाजता कुठली झोप?

बाबा आज पाच वाजायच्या आतच विचारायला लागले. आई आली का? माझ्याने येईल म्हणवलं नाही. मी मशीन सुरू केली, नुसतीच, खाली कापड नसताना.

एक ओळ लिही. जिवंत आहेस एवढं तरी लिही.

ताई

३ ऑक्टोबर

ताई,

जिवंत आहे. उशीर झाला, कारण आधी सांगण्यासारखं काही नव्हतं आणि मग फार झालं.

तुझा कोट आला तेव्हा मी तुला इतक्या शिव्या घातल्या की बरं झालं तू तिथे होतीस आणि मी इथे. बाजारातून आणायला गेलेही, पण हा रंग मिळेना. तीन दुकानं पालथी घातली म्हणाली होतीस ना, खरं होतं ते. मग तोच घालून गेले. माझं काम तुला माहीत आहे, उजव्या हातात पेन आणि डावा हात सारखा वरच्या फळीवर, जुन्या फायली काढायला. पहिल्या दिवशी कशीबशी निभावले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक म्हातारी खिडकीत आली. पोटाला टॉवेल गुंडाळलेला. मी विचारलं, किती दिवसांपासून? म्हणाली, आठ दिवस. जुनी फाईल आहे का बघायला मी हात वर केला, आणि तो तिथेच राहिला. खाली येईना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हातारी खिडकीच्या जाळीला नाक लावून बघत होती. शांतपणे म्हणाली, आणि तुमचे किती दिवस, बाई?

मागे चाळीस माणसं उभी होती. मी म्हटलं, बारा महिने होत आले. एवढ्या मोठ्याने म्हटलं की शेजारची खिडकी थांबली. म्हातारी म्हणाली, माझे दोन वर्षं. मग मी तिचा कागद फाडला आणि त्याच्या खालचा माझा. स्वतःच्या कागदावर माझा हात पहिल्यांदा आठ दिवस लिहून गेला, काय सांगू तुला. खोडलं आणि खरं लिहिलं. दोघी मिळून आत गेलो, एकमेकींना धरून, कोण कुणाला नेतंय ते कळत नव्हतं.

डॉक्टर बाई माझ्याहून लहान आहेत. ओरडल्या नाहीत. मी वाट बघत होते ओरडण्याची, पण त्यांनी नुसतं खोडलेलं बघितलं आणि म्हणाल्या, बरं झालं खरं लिहिलंत. तपासण्या झाल्या. गाठ काखेपर्यंत पसरली आहे. आधी औषधं, मग कापणं, मग पुन्हा औषधं. बरी होईन असं त्या म्हणाल्या नाहीत. काही करता येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. वर्षापूर्वी आला असतात तर, एवढं म्हणून थांबल्या. पुढचं वाक्य मला पाठ आहे, मीच कितीतरी जणांना ऐकवलंय. पहिलं औषध झालं. केस गळतील म्हणे. पोरीला सांगितलं. ती रडली नाही, मलाच म्हणाली, माझ्या परीक्षेचं निमित्त केलंस ना?

आता तुझ्याविषयी.

डॉक्टर बाईंनी विचारलं, आईला काय होतं? मी सांगितलं, तू लिहिलंस तसं सगळं सांगितलं. मग विचारलं, बहीण? म्हटलं, मोठी आहे, धडधाकट आहे. घरी आले, कोट काढला आणि भिंतीला टेकून बसले. कोटाच्या खालच्या काठाला तू हाताने टाके घालतेस. आयुष्यभर तुझे टाके उजवीकडे कललेले असतात, पाऊस लागल्यासारखे. या कोटाचे डावीकडे कलले आहेत. मी कपाटातून जूनचे दोन्ही कोट काढले. त्यांचेही डावीकडे. मग तुझी पत्रं काढली. काजं समोरच्या बाईंकडे. कात्री टेबलावर टेकवून. अक्षराला हसू नकोस. मला येता येत नाही.

ताई, तुझ्या उजव्या हाताला काय झालंय?

तुला सगळ्यांची मापं पाठ आहेत. तुझं माप कोण घेतं? पडद्यामागे तू कुणाला दाखवलंस?

या पाकिटात एक केसपेपर आहे. नाव, वय, पत्ता मी भरला आहे. शेवटच्या दोन जागा रिकाम्या आहेत. मला तुझी बोलणी नकोत, पाया पडणं नको, कोट नको. मला आकडा हवा. आणि आठ दिवस लिहिलंस तर मी तो कागद घेणार नाही.

बटण

१० ऑक्टोबर

बटण,

दोन वर्षं तीन महिने. काय होतंय, त्या जागेत लिही: उजव्या बाजूला गाठ, हात सुजतो, खांद्याच्या वर जात नाही. मी लिहिलं असतं, पण पेन धरवत नाही नीट. हे पत्रही दोन दिवस लिहिते आहे.

तू म्हणशील, मला एवढं ऐकवलंस आणि स्वतः? मला मरणाची भीती नव्हती गं. मला एका प्रश्नाची भीती होती. डॉक्टर विचारणार, आईला काय होतं? मग मला ते तोंडाने सांगावं लागणार, किती महिने होतं, कुणाला माहीत होतं. तेवढ्या एका प्रश्नासाठी मी दोन वर्षं स्वतःचे ब्लाऊज उसवत बसले. तुला पत्रात लिहून मोकळी झाले तेव्हा वाटलं, आता जाता येईल. पण मग बाबांसमोर बोलायचं राहिलं, आणि ते राहिलं म्हणून हेही राहिलं. आणि मनात म्हटलं, माझं झालंच आहे, निदान ही वाचू दे.

तुझा कागद आला त्या दिवशी पाचला बाबांनी विचारलं, आई आली का? मी मशीन बंद केली आणि त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. म्हटलं, बाबा, आई नाही येणार. ती चालतीबोलती गेली नव्हती. तिला चौदा महिने गाठ होती, मला माहीत होतं, मी कपड्यांत लपवली. सगळं सांगितलं, कापसाच्या पट्टीसकट.

ते रस्त्याकडेच बघत होते. मला वाटलं, कळलं नसेल. मग म्हणाले, धुणं मीच वाळत घालायचो. एक मुंढा मोठा असायचा तिचा, कापूस वाळायला दोन दिवस लागायचे.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

तर म्हणाले, मला वाटलं तू बोलशील.

बुधवारच्या गाडीने आम्ही दोघं निघतो आहोत. दुकानाची किल्ली समोरच्या बाईंकडे दिली. त्यांना कारण खरं सांगितलं. बाबांच्या दोन गोळ्या सकाळच्या असतात, त्या मी पिशवीत वर ठेवल्या आहेत, विसरले तर आठवण कर. अकरापर्यंत पोचू. मला आत घेऊन जायला उठू नकोस, औषधाने थकली असशील. मी रांगेत उभी राहीन आणि नंबर आला की आकडा सांगेन.

ताई